लाल झाड, भुऱ्या आणि वरून ओतलेलं पाणी

ऑस्ट्रेलियात कुत्रा पाळणाऱ्या मराठी मित्रमैत्रिणींनो, आपल्या सगळ्यांचं एक दुखणं सारखं आहे. घरात कुणाला साधं पुरळ उठलं, तरी भारतातून व्हिडिओ कॉलवर निकाल लागतो: कुत्र्यामुळेच झालं, आधी त्याला घालवा. या निकालाशी मी वर्षानुवर्षं भांडत आले. एप्रिलच्या लाँग वीकेंडला तो माझ्याच तोंडून बाहेर पडला.

शुक्रवारी सकाळी सिडनीतल्या क्वेकर्स हिलहून निघालो. मी, माझी नऊ वर्षांची आर्या, नागपूरहून आलेले माझे बाबा आणि शेल्टरमधून आणलेला आमचा कुत्रा भुऱ्या. रिचमंडला पेट्रोल भरून घ्या. पुढे बेल्स लाइन रोडला चढ आणि वळणं आहेत, फोनची रेंजही जाते. दीड तासात डोंगरातलं बिलपिन गाव. इथल्या या पानगळीच्या दिवसांत सफरचंदं स्वतः तोडता येतात, आणि रस्त्याकडेच्या दुकानातला गरम ॲपल पाय चुकवू नका. नॅशनल पार्कात कुत्र्यांना बंदी, म्हणून मोठ्या आवाराचं घर भाड्याने घेतलं होतं. कुत्र्याचे साठ डॉलर वेगळे.

कुंपणापाशी एक झाड पेटल्यासारखं लाल झालं होतं. खाली पडलेल्या पानांत भुऱ्या मनसोक्त लोळला आणि धावत येऊन आर्याच्या अंगावर पडला. तिने त्याच्या मानेत तोंड खुपसलं. मी फोटो काढला.

शनिवारी संध्याकाळी तिच्या हातांवर लाल चट्टे उठले. पित्त असणार, म्हणून मी आमसुलाचं पाणी लावलं. आपल्या प्रवासाच्या पिशवीत आमसूल असतंच. भुऱ्या रात्रभर तिच्याच पायाशी झोपला. रविवारी सकाळी तिचा गाल सुजला होता आणि उजवा डोळा अर्धा मिटला होता.

"आई, इट्स बर्निंग."

डोंगर उतरून हॉस्पिटल गाठलं. बाबा मागच्या सीटवर तिचे दोन्ही हात धरून बसले होते, डोळा चोळू नये म्हणून.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "राहता तिथे लाल पानांचं झाड आहे?" मी शुक्रवारचा फोटो दाखवला. "ऱ्हस ट्री. त्याचं तेल बाधतं. हिने हात लावला होता?"

"नाही. कुत्रा लोळला होता."

"मग त्याच्या केसांवरून आलंय." त्यांनी गोळ्या दिल्या. "डोळा पूर्ण मिटला किंवा धूसर दिसायला लागलं, तर लगेच परत या."

परत पोचलो तर भुऱ्या शेपटी हलवत गाडीकडे धावला. आर्याने दार उघडलं.

"शिवू नको त्याला," मी ओरडले. त्याला कुंपणाला बांधलं. "घरी गेलो की शेल्टरला परत देऊ."

"इट्स नॉट हिज फॉल्ट," आर्या म्हणाली आणि आत निघून गेली.

भुऱ्याला तहान लागली होती. पाण्याचा जग त्याच्या भांड्याला लागू नये म्हणून मी उंचावरून पाणी ओतलं. व्हरांड्यात बाबा उभे होते.

"वरून ओततेस?"

"बाबा, त्याच्या अंगावर तेल आहे."

"तेल आहे ना? मग धू. लहानपणी मला बिब्बा उतला होता, सगळं तोंड असंच सुजलेलं. आईने मला धुतलं. घराबाहेर नाही काढलं."

बाबांना लहानपणी गावात पाणी वरूनच मिळायचं, ओंजळीत. त्यावर मी भाषणं केली आहेत, टाळ्या घेतल्या आहेत. बाबा काही माणसाची आणि कुत्र्याची बरोबरी करत नव्हते. ते माझ्या हाताची रीत ओळखत होते.

मी वेस्टमीडला लॅबमध्ये काम करते, दिवसभर हातमोजे घालते. गाडीत एकही जोडी नव्हती. शेवटी सिंकखाली रबरी हातमोजे सापडले. भांड्यांच्या साबणाने भुऱ्याला दोनदा धुतलं. मग पट्टा, दोरी, सीटचं कव्हर, गाडीची दारं, आर्याचे कपडे. भुऱ्या थरथरत उभा राहिला, पण हलला नाही. मध्येच आत जाऊन मी आर्यासमोर बोटं धरत होते.

"किती?"

"थ्री. आई, स्टॉप आस्किंग."

सोमवारी घरी आलो. सूज तेवढीच होती आणि मी वळणावळणाला आरशातून तिच्या डोळ्याकडे बघत होते. मंगळवारी सकाळी पापणी उघडली. तिने पहिलं काय विचारलं असेल? "इज ही गोइंग बॅक?"

"नाही," मी म्हटलं.

चट्टे दोन आठवड्यांनी गेले. कुंपणाजवळचा तो जग अजून माझ्या हातात आहे असं वाटतं. चूक तेलाची होती, ते धुता येण्यासारखं होतं, आणि मी सरळ हद्दपारीवर पोचले होते. मी, जिने हे करायलाच नको होतं.

म्हणून निकाल राहू द्या. आजच गाडीच्या डिकीत रबरी हातमोज्यांची एक जोडी आणि भांड्यांच्या साबणाची बाटली ठेवा, आणि झाडाझुडपांतून आलेल्या कुत्र्याला कुणी जवळ घेण्याआधी धुवा.