खिडकीखालची दोन भोकं

झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली पर्यटकांची गाडी मी इथे हिमाचलात चालवतो. आठवीतून शाळा सुटली आणि मिळेल ते काम करत सोलापूरहून इतक्या लांब आलो. काल पावसात गाडीची खिडकी गळली. नाशिकहून आलेल्या काका-काकूंपैकी काकांची उशी भिजली. मालकाला कळलं तर काम जाईल, या धास्तीनं सकाळी मी चौकटीची दिसेल ती फट सिलिकॉननं बुजवली. बाहेरून पाणी ओतून पाहिलं, तर आत जास्तच यायला लागलं.

आत काकू खिडकीखाली हात धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "अरे, खालची भोकंही बुजवलीस की काय? त्यातूनच पाणी बाहेर जातं. आमच्या बाल्कनीत यांनीही हाच पराक्रम केला होता." काकांनी चहाचा कप तोंडाला लावला.

मी खिळ्यानं दोन्ही भोकं मोकळी केली. पुन्हा पाणी ओतलं. काकूंचा हात कोरडा राहिला.

कधीही भीती वाटली, की मी असंच सगळं बंद करून टाकतो. घरी फोनवरसुद्धा 'मजेत आहे' एवढंच सांगतो. आज मात्र बोलून गेलो, "काकू, काम जाईल म्हणून घाबरलो होतो."

थोड्या वेळानं मालकाचा काकूंना फोन आला, गाडी कशी आहे म्हणून.

"छान आहे," काकू म्हणाल्या. "खिडकीतून डोंगर काय सुरेख दिसतो."