पाठीवरच्या फुल्या

नातीच्या अंगावर चट्टे उठत, ते बगलेखाली आणि मांड्यांच्या मागे. उन्हाळाभर आम्ही त्यांना घामोळ्याच म्हणत राहिलो. दिवाळी झाली, नाचणगावात थंडी पडली, तरी चट्टे जाईनात. पाळण्यातलं लेकरू, पण खाजवायला शिकलं होतं. सूनबाईनं मालिशीच्या तेलाची बाटली माझा हात पुरणार नाही अशी वर ठेवली. नातीची अंघोळ माझ्याकडे राहणार की जाणार, हा प्रश्नही त्या बाटलीसोबत वर जाऊन बसला.

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी आमचं तेल, पावडर सगळं मागवलं. त्यातलं थोडं थोडं आणि त्यांच्याकडची काही द्रव्यं बारीक चकत्यांत भरून नातीच्या पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. पाणी लागू द्यायचं नाही, म्हणाल्या. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या आणि कुठे काय लावलं होतं ते कळावं म्हणून पेनानं फुल्या मारल्या. पक्का निकाल आणखी दोन दिवसांनी लागणार होता.

मधेच शेजारच्या काकू आल्या. दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडे लेकराला बिब्ब्याची काळी फुली काढतात. पाठ पाहून काकू खूश!

"बरं केलं वं माय, बिब्बा लावला. पण एवढ्या फुल्या? कोणाची नजर लागली एवढी?"

"डॉक्टरीणबाईनं काढल्या," मी म्हटलं.

"अवं! आता डॉक्टर बी मानून राह्यले?"

सूनबाई किती दिवसांनी हसली. काकू गेल्यावर मी मात्र तेलाच्या फुलीकडे पाहत बसले. तरुणपणी मी याहून शूर होते. माझ्या थोरल्या लेकाच्या अंगावर पुळी दिसली की त्याच्याआधी मीच भोकाड पसरायची. सासूबाई दोन लेकरं उगी करायच्या. आता मला उगी करणारं कोणी नव्हतं, म्हणून डोळे कोरडे ठेवले.

दोन दिवसांनी पुन्हा वर्ध्याला गेलो, तर तेलाची फुली स्वच्छ निघाली. मी लगेच मान ताठ केली. मग डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या, लालभडक फुलीवर बोट ठेवलं.

"हे सुगंधी द्रव्य. घरात अत्तर, बाम कोण लावतं? ते बंद करून बघू."

त्या खोलीत सुगंधी वस्तू एकच होती. ती मी. गुडघ्यांना बाम चोळून त्याच हातांनी मी लेकराला उचलत होते. बगलेत धरून, मांड्यांखाली हात देऊन. जिथं माझे हात, तिथं चट्टे.

परतीच्या बसमध्ये मी नातीला मागितलं नाही. घरी बिनवासाच्या साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, धुतलेलं लुगडं नेसले, आणि तरी दूरच बसले. ती माझ्याकडे झेपावत होती.

"आई, घ्या ना तिले."

"नको वं. राहू दे काही दिवस."

"काऊन?" सूनबाईनं माझे दोन्ही तळवे उचलून नाकाशी नेले. नीट हुंगले. "नाई येत वास."

आणि तिनं लेकरू माझ्या मांडीवर ठेवलं. गुडघे ठणकत होते. मी पाय हलवला नाही.