पांढरी चार: गिरगाव ते परळ, पायी

एका वाचकानं विचारलं होतं, गिरगावातून परळपर्यंत चालत जाण्यासारखं काही आहे का. आहे. रस्ता मी खाली नीट लिहितो. पण मी तो का चाललो, हेही लिहावं लागेल.

मी हार्मोनियम दुरुस्त करतो. गिरगावात जिन्याखाली आठ बाय सहाची जागा आहे. कुणी शिकवलं नाही. चौदाव्या वर्षी वडिलांची पेटी पूर्ण उघडली, परत जुळवली, आणि ती आधीपेक्षा बरी वाजली. आमचं ख्रिस्ती कुटुंब नगरकडून गिरणीत आलेलं. परळला आमचं लहानसं मराठी चर्च, आम्ही त्याला मंडळी म्हणतो. वडिलांनी ती पेटी मंडळीला देऊन टाकली होती.

नऊ वर्षांपूर्वी मंडळीत मत घेतलं: उपासनेत पेटी राहावी की कीबोर्ड यावा. माझा धाकटा भाऊ शमुवेल कीबोर्डच्या बाजूनं बोलला. तरुण पोरं टिकतील, म्हणाला. पेटी हरली. सगळे बाहेर चहा पीत असताना मी तिचं झाकण उघडलं आणि मधल्या सप्तकातल्या चौथ्या पांढऱ्या पट्टीचे, म्हणजे पांढरी चारचे, दोन्ही सूर, जाड खर्ज आणि बारीक नर, काढून रुमालात बांधले. सूर म्हणजे पितळेची लहानशी पात. तिची जीभ हवेनं थरथरते, तो आवाज. पात काढली की तिची पट्टी दाबल्यावर नुसती हवा सुटते. आमची निम्मी गाणी त्या पट्टीवर येऊन टेकतात, हे मला चांगलं माहीत होतं.

सूर कुठं गेले, असं शमूनं विचारलं तेव्हा म्हणालो, "मला काय ठाऊक? तुला कीबोर्ड मिळाला ना, तो वाजव."

पाच कुटुंबं माझ्याबरोबर बाहेर पडली. दादरला एका शाळेचा वर्ग भाड्यानं घेऊन आम्ही आमची वेगळी उपासना सुरू केली. शमूशी बोलणं त्या दिवसापासून बंद.

मार्चमधल्या एका शुक्रवारी शमूची बायको सुनंदा हिचा फोन आला. "भाऊजी, यांना परळला ॲडमिट केलंय. लिव्हर गेलंय. डॉक्टर आता औषधाचं बोलत नाहीत, घरच्यांना बोलवा म्हणतात." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी रविवारी दादरला प्रभुभोजन होतं. भाकर मोडण्याआधी सगळे उठतात, एकमेकांचा हात हातात घेतात आणि 'शांती असो' म्हणतात. त्याआधी आमचे वडीलधारे डॅनियलकाका उपदेशाला उभे राहिले. ख्रिस्ताची शिकवण त्यांनी त्यांच्या नेहमीच्या सपाट आवाजात सांगितली: देवापुढं दान घेऊन आलात आणि आठवलं की भावाच्या मनात आपल्याबद्दल सल आहे, तर दान तिथंच खाली ठेवा, आधी भावाकडं जा. तो दार उघडेल की नाही, ते तुमच्याकडं नाही. आपल्या बाजूचं तेवढं पुरं करा.

मग सगळे उठले. मी अकरा जणांचे हात हातात घेतले. बाराव्याला लक्षात आलं, की नऊ वर्षं मी ज्यांच्याशी भांडण नाही त्यांच्याशीच समेट करत आलोय. भाकर न घेता बाहेर पडलो.

तरी निघालो शनिवारी. मधले पाच दिवस ते दोन सूर साफ करत होतो. काम दोन तासांचं आहे.

आता रस्ता. सकाळी सात दहाला गिरगावातून निघालो. ठाकूरद्वार, ऑपेरा हाऊस, मग लॅमिंग्टन रोड धरून मुंबई सेंट्रल. इथवर सकाळी फूटपाथ मोकळे असतात, दहानंतर पाय ठेवायला जागा नाही. सात रस्त्याला मिसळ आणि चहा, नव्वद रुपये. तर्री बरी होती, पाव शिळा. मी तसं सांगितलं, तर मालक म्हणाला, "साहेब, ताज्या पावाची मिसळ साडेआठनंतर." तिथून चिंचपोकळीचा पूल ओलांडला की लालबाग. चप्पल नको, बूट घाला.

लालबागला मसाल्याच्या गल्लीत रुमाल नाकाला लावूनच शिरा. मसाला कुटणाऱ्या डंखांची धपधप चालू होती. एक बाई मसालेवाल्याला सांगत होती, "गेल्या वेळी मिरची कमी पडली हो. नवरा जेवताना बोलायला लागला."

"काय बोलला?"

"तेच, आईच्या हातचं."

"मग ताई, यावेळी बोलूच शकणार नाही एवढी टाकतो."

मी पाव किलो चिवडा घेतला. शमूला आवडायचा. पुढं दुकान नजरेआड झाल्यावर आठवलं, की लिव्हर गेलेल्या माणसाला चिवडा चालत नाही.

लालबागहून परळ, पुलाखालून सरळ. हॉस्पिटलं जवळ आली की फूटपाथ बदलतो. एक्स-रेची मोठी पाकिटं उराशी धरून बसलेली कुटुंबं, दांडीवर वाळणारे टॉवेल, स्टोव्हवर खिमट. बघायचं ठिकाण म्हणून तिथं थांबू नका.

भेटीची वेळ चारनंतर होती, म्हणून आधी मंडळीच्या प्रार्थनेच्या खोलीवर गेलो. चाळीत तळमजल्यावर आहे. किल्ली शेजारच्या रूथमावशीकडं. पूर्वी गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होत्या, आता अठ्ठ्याहत्तरच्या.

"आलास?" एवढंच म्हणाल्या आणि कुलूप काढलं.

कीबोर्ड कोपऱ्यात चादरीखाली होता. वाजवणारी पोरं पहिल्या वर्षीच लग्न करून विरार-बदलापूरला गेली, म्हणाल्या. पेटी समोरच होती. पट्ट्या झिजून चकचकीत झालेल्या. म्हणजे रोजच्या वापरातली. मी भाता ओढला, पांढरी चार दाबली. हवा सुटली.

"नऊ वर्षं असंच गाता?"

"असंच. तिथं पेटी गप्प होते, म्हणून आम्हीपण गप्प होतो. मग पुढं."

"अहो, दादरला कुणीही अर्ध्या तासात नवे सूर बसवून दिले असते."

"शमू हात लावू देत नव्हता. म्हणायचा, आमच्या घरचा कारागीर आहे, तो येऊन बसवेल." मावशी खुर्चीत टेकल्या. "आणि सूर कुठं गेले विचारलं, तर म्हणायचा उंदरांनी खाल्ले."

उंदीर भात्याचं कापड खातात, चामडं खातात. पितळ खात नाहीत. हे शमूलाही माहीत होतं, एकाच घरात वाढलोय आम्ही.

मी दोन्ही सूर बसवले. स्क्रू आवळले, जिभा तपासल्या, नर किंचित चढा होता तो घासून उतरवला. पंचवीस मिनिटं लागली. मावशींनी चहा आणला, पण छान झालं वगैरे काही म्हणाल्या नाहीत. मला ते लागलं, हेही लिहून ठेवतो.

चार वाजता वॉर्डात गेलो. शमू पिवळा पडला होता, हात काटकुळे, पोट फुगलेलं. सुनंदा उठून बाहेर गेली. मी स्टूल ओढलं.

"बसवले?" त्यानंच विचारलं. मावशींचा फोन आला असावा.

"बसवले. नर थोडा चढा होता."

"असणारच. चोरीचा माल." हसायला गेला आणि खोकला. मग माझ्याकडं वळला. "सांगितलंस?"

"काय?"

"मंडळीला. कुणी काढले ते."

"आता वाजतंय ना शमू. झालं ते झालं."

"तुझं झालं, दादा. नऊ वर्षं खोटं मी बोललोय. देवाच्या खोलीत, दर रविवारी. तू येशील आणि स्वतः सांगशील म्हणून." त्याला दम लागला. मी हात पुढं केला. त्यानं बघितला, घेतला नाही. "उद्या सांगून ये. मग देतो."

त्या रात्री परळलाच एका धर्मशाळेत कॉट घेतली, दीडशे रुपये, चादर आपली आपण न्यावी.

रविवारी उपासनेला एकोणीस माणसं होती. एकेकाळी खोलीत मावत नव्हती. मी उभा राहिलो. मी बोलणारा माणूस आहे, पण माझी वाक्यं तुटत होती. म्हणालो, उंदीर नव्हते. मी होतो. रागानं काढले, शमूनं झाकलं, त्यानं खोटं बोलावं लागावं असं मीच केलं.

मागं बसलेला एक माझ्याच वयाचा माणूस, आम्ही एकत्र क्रिकेट खेळलोय, उठून बाहेर गेला आणि परत आला नाही. मग रूथमावशी म्हणाल्या, "उंदीर पितळ खातो होय रे? गिरणीत उंदरांबरोबर जेवलोय आम्ही. सगळ्यांना माहीत होतं. आता पेटीवर बस."

बसलो. सगळ्यांच्या ओळखीचं गाणं धरलं. पहिल्या ओळीच्या शेवटी पांढरी चार आली, मी दाबली, आणि ती वाजली. अगदी स्वच्छ. पण गाणारे थांबले होते. सवयीनं. लहान मुलंसुद्धा, त्यांना गाणं तसंच माहीत आहे. पूर्ण खोलीत तो एकटा सूर वाजत राहिला. दर कडव्याला तेच.

गाणं संपायच्या आत फोन थरथरला. सुनंदाचा. खोलीपासून हॉस्पिटल सात मिनिटांवर आहे. मी चारात पोचलो.

शमूचा श्वास चालू होता, शुद्ध नव्हती. पहाटेपासून नाही, सुनंदा म्हणाली. मी त्याच्या कानाशी म्हणालो, मंडळीला सांगितलं. त्याचा हात हातात घेतला. गरम होता. बोटं मिटली नाहीत. साडेतीनला गेला.

पुष्कळ जण म्हणाले, त्याला ऐकू गेलं असेल. मला माहीत नाही. मी हात घेतला, एवढं खरं. त्यानं दिला, असं मी लिहिणार नाही.

माती देऊन मंगळवारी संध्याकाळी टॅक्सीनं गिरगावात परतलो. पिशवीत चिवडा तसाच होता.

दादरच्या मंडळीतल्या तिघांनी माझ्याशी बोलणं सोडलंय. ते म्हणतात, माझ्या शब्दावर त्यांनी परळची मंडळी सोडली, आणि सूर चोरणारा मीच निघालो. बरोबर आहे त्यांचं. त्यांच्याकडं एकेकाकडं जायचं आहे, अजून एकाकडंच गेलोय, त्यानं दार उघडलं नाही. डॅनियलकाकांनी सांगितलं होतंच.

आता रविवारी सकाळी मी परळला चालत जातो. पेटी वाजवतो. माणसं अजूनही तिथं थांबतात. सुरुवातीला वाटलं, त्यांना शिकवून दुरुस्त करावं. आठवडाभर विचार केला आणि गप्प राहिलो. ती जागा शमूनं राखली होती. मी पांढरी चार दाबतो, दोन मात्रा धरतो, सोडतो, आणि मग सगळे पुढं गातात.