मेसेज बंद होते ते चार दिवस

कोथरूडच्या आमच्या ऑफिसात आम्ही सहाजण होतो आणि एका डोळ्यांच्या दवाखान्याची वेबसाइट सांभाळत होतो. पेशंटला तारीख देणं, तारीख बदलली तर मोबाइलवर मेसेज पाठवणं, असली कामं ती वेबसाइट करायची. तिच्यामागे सेटिंग्जची एक फाइल होती. दवाखान्याच्या वेळा कोणत्या, मेसेजचा मजकूर काय, मेसेज खरोखर पाठवायचे की नाही, सगळं त्या फाइलमध्ये. खऱ्या पेशंटला खोटे मेसेज जाऊ नयेत म्हणून चाचणीच्या मशीनवर मेसेज बंद ठेवलेले असायचे.

ही फाइल सरांकडे होती. सर म्हणजे आमच्यातले सगळ्यात अनुभवी, चोपन्न वर्षांचे, कमी बोलणारे. मी रुजू झाले तेव्हा त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं, "वाचता येतं ना? मग प्रत्येक ओळ वाचायची. कॉपी करायला माणूस लागत नाही."

त्या गुरुवारी मला मैत्रिणीच्या डोहाळजेवणाला जायचं होतं. एक किरकोळ बदल खऱ्या वेबसाइटवर चढवायचा राहिला होता. चाचणीच्या मशीनवरची अख्खी फाइल उचलून मी खऱ्या वेबसाइटच्या सर्व्हरवर टाकली. पर्स खांद्याला लावत होते तेव्हा सरांनी विचारलं, "सगळ्या ओळी पाहिल्यास?"

"हो सर," मी म्हणाले.

पाहिल्या नव्हत्या. सोमवारी दवाखान्याचा फोन आला, की चार दिवस एकाही पेशंटला मेसेज गेलेला नाही. सरांनी दोन मिनिटांत मेसेज बंद ठेवणारी ती ओळ शोधली, दुरुस्त केली आणि राहिलेले मेसेज पाठवले. बहुतेकांचं काही बिघडलं नाही. कुणी हेलपाटा मारला, कुणी चिडलं.

कात्रजचे एक आजोबा मात्र राहिले. डोळ्यातला दाब वाढल्यामुळे त्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टर परदेशी जाणार म्हणून बुधवारची तारीख अलीकडे आणून शनिवारची केली होती. तो मेसेज त्यांना सोमवारी मिळाला. दुसरे डॉक्टर मिळेपर्यंत दहा दिवस गेले, आणि डोळा गेला. लवकर झालं असतं तरी वाचला असता असं खात्रीने सांगता येत नाही, असं दवाखान्याने कळवलं. ऑफिसात सगळ्यांनी ते वाक्य धरून ठेवलं. मी तर पाठच केलं होतं.

त्यांच्या मुलीने एकदा ऑफिसला फोन केला होता. तो मीच उचलला. ती भांडली नाही. "बाबा रोज मला मोबाइल बघायला लावायचे," म्हणाली. "काय आलंच न्हाई त्यात."

मालकांनी सगळ्यांना बसवून विचारलं, "फाइल कोणी टाकली?"

मी लॅपटॉपकडे बघत राहिले. मग सर म्हणाले, "तपासणं माझं काम होतं. मी तपासलं नाही."

मालकांनी पुढे काही विचारलं नाही. महिनाअखेरीस सरांची नोकरी गेली. त्या वयात त्यांना दुसरीकडे कोण घेणार, हे सगळ्यांना माहीत होतं. सेटिंग्जची जबाबदारी माझ्याकडे आली. मी प्रत्येक ओळ वाचू लागले, कधी कधी दोनदा.

आठ महिन्यांनी मी सरांना शोधत सदाशिव पेठेत गेले. तिथे एका क्लासमध्ये ते मुलांना कॉम्प्युटर शिकवत होते. जिन्यात उभं राहून मी सगळं सांगितलं.

"माहीत होतं," ते म्हणाले. "फाइल कोणी बदलली त्याची नोंद असते. तुला शिकवलंय मी ते."

"मग सर, तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू बोलशील असं वाटलं होतं."

राग नव्हता आवाजात. तास सुरू व्हायची वेळ झाली होती, ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना सांगितलं. "जाऊ दे, जुनं झालं," ते म्हणाले आणि समोरच्या कामाकडे वळले. मग मी कात्रजला फोन लावला. मुलीने ऐकून घेतलं. मी वाट बघत होते, ती आता काहीतरी लागेल असं बोलेल म्हणून. ती म्हणाली, "बाबांना वाटतंय, मेसेज आलेला आणि त्यांच्याच हातनं पुसला गेला. कितीदा सांगितलं, ऐकत न्हाईत. तुम्हीच सांगा त्यांना."

तिने फोन त्यांच्या हातात दिला. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मेसेज गेलाच नव्हता, चूक माझी होती, मी खोटं बोलले होते. मागे कुकरची शिट्टी झाली.

"म्हणजे माझ्याकडनं काय झालं न्हवतं," आजोबा म्हणाले.

"नाही, आजोबा."

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले, आणि फोन कसा बंद करायचा ते मुलीला विचारू लागले.