बाभळीच्या काट्यावर मैना

खोपोलीच्या वीजघरातल्या कामगारांना मैनाबाईच्या हातचं कालवण ठाऊक होतं. गळा ठाऊक नव्हता. असणार तरी कसा? विषमज्वरानं तो नेला, त्याला वीस वर्षं होत आली. एके काळी ही बाई तान घेऊ लागली की मागच्या रांगेतला माणूसही हातातली विडी विझवून बसे. आता "भात वाढू का?" एवढं विचारतानाही आवाज फाटायचा.

पण त्या गळ्याची एक खूण उरली होती. तिच्या नाटक कंपनीचा मुक्काम मुंबईला असताना एका साहेबानं तिला कर्ण्यासमोर उभं करून एक पद तबकडीवर भरून घेतलं होतं. गाणं संपलं की गाणाऱ्यानं आपलं नाव सांगायचं, अशी तेव्हाची रीत. कंपनीनं पढवलेलं नाव ऐन वेळी विसरून पोरगी माहेरचं नाव-गाव सांगत ओरडली, "मी मैना, कडावची!" साहेब हसला, पण ते तसंच राहू दिलं.

कंपनी मोडली तेव्हा तिथला फोनो, तबकड्या वाजवायची पेटी, तिच्या वाट्याला आला. दुपारी खानावळ रिकामी झाली की दार ओढून ती तबकडी लावायची. गाणं ऐकायची खरी, पण जीव अडकलेला असे तो शेवटच्या त्या हाकेत.

त्या आश्विनात फोनो फरफरू लागला. सुईवरच्या गोल डबीतलं, थरथरून आवाज काढणारं अभ्रक तडकलं होतं. मैनाबाईनं काय करावं? भाताची खळ केली आणि तड सांधली! मग तर गाणं गोधडीखालून आल्यासारखं येऊ लागलं.

शेवटी तिनं स्टो आणि घड्याळं दुरुस्त करणाऱ्या अलीमियांना खानावळीत बोलावलं आणि शेवटची नावाची हाक जपायला सांगितलं. त्यांनी डबी उघडली आणि कपाळावर हात मारला.

"मैनाबाय, ही डबी हाय का पापडाचा डबा?"

"चिकटलं तर होतं की!"

"चिकटलं, म्हनून तर मेलं. आन् ही सुई कवाची?"

"होळीला घातलेली."

"या अल्ला! येका गान्याला येक सुई लागते. तुमच्या सुईनं तबकडी नांगरलीय बाय."

अलीमियांच्या घरी मोहरमच्या ताबुताच्या खिडक्यांना लावून उरलेलं अभ्रक होतं, ते आणायला ते गेले. ताबुताचं अभ्रक गाण्याच्या पेटीला द्यावं की नाही, म्हणून ते घुटमळले. पण त्यांच्या बायकोनं, नूरबानोनं, स्वतःच निवडून लखलखता पापुद्रा काढून दिला. "बाईचा गळा हाय तो. न्या," म्हणाली. परत येऊन अलीमियांनी कात्रीनं चकती कापली, डबीत बसवली, आणि खिशातून दोन वस्तू काढून पाटावर ठेवल्या. एक नवी पोलादी सुई, एक बाभळीचा वाळका काटा.

"सुई लावली तर नाव आत्ता ऐकाल. पन शेवटाला तबकडी लई झिजलीय, पुन्यांदा ऐकू येईल याचा भरवसा नाय. काटा मऊ, तो तबकडीला ओरखडत नाय. पन स्वतः झिजतो. नावापतूर पोचेल, न पोचेल."

मैनाबाईनं सुई हातात घेतली, परत पाटावर ठेवली. मग तिनं काटा उचलला.

तबकडी फिरली. आणि काय सांगावं, खानावळीच्या धुरकट भिंतींमध्ये अठरा वर्षांची पोर येऊन उभी राहिली! तीच फेक, तोच सुरावरचा ठसका. मैनाबाईचे ओठ नुसते हलत होते. शेवटची तान आली, समेवर आली... आणि काटा बोथटला. आवाज विरला, नुसती खरखर उरली.

अलीमियांचा हात सुईकडे गेला. "लावू?"

"नको." तिनं त्यांचा हात धरला. "आत आहे ना ती? मग असू दे."

दुसऱ्या दिवशी ठाकूरवाडीची भागी मोळी घेऊन दारात आली, तेव्हा मैनाबाईनं लाकडं पाहिलीच नाहीत.

"भागे, बाभळीचे काटे आणशील गं? लांब, टणक, वाळलेले."

"काटं? आन् ते कशाला वो बाय?"

"माहेरचं माणूस आहे आत," मैनाबाई म्हणाली. "त्याच्यापर्यंत पोचायचंय."