मावशींची पहिली सिगार

न्हाणीघराचं दार उघडलं की आधी गुलाबाचा वास बाहेर यायचा आणि मग मावशी. सून म्हणायची, आई घरात कुठे आहेत ते विचारायची गरजच नाही, वासाच्या मागे जायचं. मावशींना त्यात चेष्टा वाटत नसे. एकतीस वर्षं त्यांनी बिनवासाच्या पिवळ्या वडीनं अंग घासलं होतं. तिच्यापेक्षा कपड्यांचा साबण बरा, अशी ती वडी. निवृत्त झाल्या त्या संध्याकाळी निरोपाचा हार टेबलावर टाकून त्या तशाच दुकानात गेल्या आणि गुलाबाचा साबण घेऊन आल्या. एक नाही, डझनभर.

त्या दिवशी सुनेला सुट्टी होती. मुलगा पहिल्या पाळीला गेला होता. सुनेनं स्वयंपाकघरातलं कपाट रिकामं करून सगळे डबे जमिनीवर मांडले होते आणि मावशी खुर्चीत चहाचा कप घेऊन कुठला डबा कुठे जावा ते सांगत होत्या. साखर वरच्या फळीवर नको, चहाची पत्ती मसाल्याशेजारी नको, एकाचा वास दुसऱ्याला लागतो. सून बराच वेळ हूं हूं करत राहिली. शेवटी म्हणाली, "आई, तुम्ही निवृत्त झालात ना? मग माझ्या कपाटालाही जरा सुटी द्या."

तेवढ्यात कुणीतरी दार ठोठावलं. बेल असताना दार ठोठावणारा माणूस एकतर घाईत असतो नाहीतर घाबरलेला. सुनेनं दार उघडलं तर दोघं उभे, आणि दोन्हींतला एकेक. पुढे मावशींच्या जुन्या कारखान्याचे मालक, काखेत लाकडी पेटी, तीन जिने चढून धापा टाकणारे. त्यांच्या मागे अर्धी लपलेली बेकरीवाली.

बेकरीवाली आता बेकरीत नव्हती. चाळिशीची ही बाई पूर्वी पाव भाजायची, आणि भट्टीचं दार न उघडता नुसत्या वासावरून पाव झाला की नाही ते सांगायची. मावशींनी ते एकदा स्वतः पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी मालकांना सांगितलं की माझ्या जागेवर हीच हवी. वर्षभर तिला हाताशी धरून शिकवलं, आणि गेल्या हिवाळ्यात गंधखोलीची किल्ली तिच्या हातात ठेवून त्या घरी बसल्या.

गंधखोली म्हणजे सिगारच्या कारखान्यातली सगळ्यात शांत जागा. बाहेर बायका रांगेनं बसून पानं वळायच्या, गप्पा मारायच्या, कात्र्या आपटायच्या. आत मात्र देवदाराच्या लाकडाची तीन कपाटं आणि एक माणूस. वळून तयार झालेल्या सिगारी कपाटातल्या जाळीच्या फळ्यांवर मांडायच्या. खाली बशांमध्ये एका कपाटात भाजलेली कॉफी, दुसऱ्यात व्हॅनिलाच्या शेंगा, तिसऱ्यात संत्र्याची सालं. दार चाळीस दिवस बंद. आठवड्यातून फक्त एकदा उघडायचं, एकेक सिगार बोटांनी पाव वळसा फिरवायची म्हणजे गंध सगळ्या अंगानं मुरतो, आणि लगेच बंद. तंबाखूची जातच अधाशी, शेजारी जे असेल ते पिऊन घेते. म्हणून त्या खोलीत शिरणाऱ्यानं डोक्याला तेल लावायचं नाही, अत्तर नाही, फूल नाही, वासाचा साबण नाही. आणि सिगार ओढायची तर अजिबात नाही. मालकांच्या वडिलांचा तो नियम, ओढणाऱ्याचं नाक बोथट होतं म्हणून. त्यामुळे हजारो लोकांनी चवीनं ओढलेल्या सिगारी मावशींच्या हातून गेल्या, पण त्यांच्या ओठाला एकही लागली नाही. नियमाच्या बाबतीत त्या इतक्या कडक, की एकदा अत्तर लावून आलेल्या मालकांनाच त्यांनी उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं. त्या दिवशी मालकांच्या लग्नाचा वाढदिवस होता. तरीही.

मालक खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि एका दमात सगळं सांगून मोकळे झाले. कॉफीच्या कपाटातली नवी खेप बिघडली होती. वीस वर्षं जुन्या गिऱ्हाइकाला त्यांनी नमुना पाठवला तर त्यानं उरलेल्या सिगारी परत केल्या. त्याचं म्हणणं, अर्ध्यापर्यंत झकास, आणि मग न्हाव्यानं दाढी झाल्यावर तोंडावर टॉवेल टाकावा तसं काहीतरी. मालकांनी स्वतः दोन ओढून पाहिल्या. खरंच होतं. तीनशेच्या तीनशे सिगारी तशाच. त्या खोलीत आता एकच माणूस जातो, म्हणजे नियम कुणी मोडला ते उघड आहे. पण ही बाई एवढंच म्हणते की मी काही लावलेलं नाही, आणि त्यापुढे तोंड उघडत नाही. आज संध्याकाळी हिला कायमची रजा द्यायची ठरवलीय. पण निवड तुमची होती, तेव्हा आधी तुम्ही पाहावं, हिला काय ते तुमच्या तोंडून ऐकू द्यावं.

"ही तर इथे यायलाच तयार नव्हती," मालक म्हणाले. "मावशींना कशाला त्रास, मीच काम सोडून जाते म्हणते. याचा अर्थ काय घ्यायचा?"

बेकरीवाली दाराशी उभी राहून पायाच्या अंगठ्याकडे पाहत होती. मावशींनी तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही. तिला दोन मुली होत्या, नवरा आजारपणानं घरीच असायचा. आणि ही नोकरी तिला मावशींच्या शब्दावर मिळाली होती. तिच्यावर आलेला बोल आपल्याही शब्दावर आहे, हे मावशींना कुणी सांगायला नको होतं.

त्यांनी पेटी पुढे ओढली, एक सिगार काढली, नाकाखालून इकडून तिकडे फिरवली. उलटी करून पुन्हा फिरवली. कॉफी होती, देवदार होता, खाली तंबाखूचा ओलसर मातीसारखा वास होता. खोट कुठेच नव्हती. मालक म्हणाले, नुसत्या वासात ती मलाही सापडली नाही. कॉफी सगळं झाकून टाकते. पेटवल्याशिवाय कळणार नाही.

"मी ओढत नाही," मावशी म्हणाल्या.

"मावशी, आता नाक कुणासाठी राखून ठेवताय?"

मावशी सिगार हातात धरून उठल्या. सगळे मागच्या गच्चीत गेले, कारण घरात धूर चालणार नाही असं सुनेनं आधीच बजावलं. पण राखेसाठी बशीही तिनंच आणून ठेवली, आणि कपडे वाळत घालायचं निमित्त करून तिथेच रेंगाळली. सासू सिगार ओढते हे बघायची संधी कोण सोडेल.

मालकांनी टोक कापलं, दुसरं टोक ज्योतीजवळ धरून हळूहळू तापवलं आणि शिकवायला लागले. छातीत घ्यायची नाही, गरम चहाचा घोट घेतो तशी तोंडात घ्यायची, जरा थांबायचं, सोडून द्यायची. मावशींनी मान डोलावली आणि एकतीस वर्षांचा उपास एका झुरक्यात सोडायला गेल्या. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, सुनेनं पाठ थोपटली. "हळू आई, कुणी हिसकावून घेत नाहीये."

दुसरा झुरका त्यांनी बेतानं घेतला. तिसरा आणखी बेतानं. आणि मग त्यांचा चेहरा सैल झाला. कॉफी आली, पण कपातली नव्हे. पहाटे कॉफी भाजणाऱ्याच्या दारावरून जावं, दार किलकिलं असावं, आतून ऊब यावी, तशी. तिच्यामागून लाकूड आलं, नुकताच रंधा मारलेलं. जिभेच्या टोकाला मिऱ्याची किंचित चुणचुण, ओठांवर खारट काहीतरी, आणि धूर सोडल्यावर टाळूला एक गोडी राहिली ती जाईचना. हा गंध त्यांनी बाहेरून हजारदा ओळखला होता. तो आतून असा असेल याची त्यांना कल्पना नव्हती. लग्नाच्या मांडवात आयुष्यभर वाढप करणाऱ्या बाईला कुणीतरी हात धरून पंगतीत बसवावं, तसं त्यांना झालं. राख पांढरी, लांब, न पडता टिकली होती. ती बघून कारखान्यात पानं वळणाऱ्या बायकांचं त्यांनी मनातल्या मनात कौतुकही केलं.

कशासाठी ओढतोय हे त्या विसरल्याच होत्या. मालक मात्र त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसले होते. सिगार अर्ध्यावर आली तशी त्यांनी विचारलं, आता? मावशींनी एक झुरका घेतला. आणखी एक घेतला. छान होतं. आधीपेक्षाही छान, काहीतरी ओळखीचं, आपल्या घरचं. खोट नव्हती.

मालकांनी स्वतः एक झुरका घेऊन पाहिला, तोंड वाकडं केलं आणि मान हलवली. मग चाचरत म्हणाले, वय झालं की होतं असं, मावशी. माझ्या वडिलांचंही नाक शेवटी गेलं होतं.

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. पाय गेला, डोळा गेला तर त्या एवढ्या घाबरल्या नसत्या. त्यांनी बेकरीवालीकडे पाहिलं. ती आता गच्चीच्या कठड्याकडे तोंड करून उभी होती. आपल्याला खोट सापडली नाही तर संध्याकाळी ही घरी बसणार. मावशींनी डोळे मिटले आणि सगळं लक्ष जिभेवर आणून पुन्हा धूर घेतला. तोच घरचा, ओळखीचा गोडवा. नाव काही सापडेना.

दोरीवर चादर टाकता टाकता सून थबकली. तिनं नाक वर करून एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं.

"आई, हा तुमच्या साबणाचा वास आहे," ती म्हणाली. "तुमच्याकडून नाही येत. धुरातून येतोय."

मावशींनी सिगार दुसऱ्या हातात घेतली, मोकळा तळवा नाकाशी नेला, मग सिगार नाकाशी नेली, मग पुन्हा तळवा. निवृत्त झाल्यावर त्यांना घरी करमेना, म्हणून अलीकडे दर गुरुवारी त्या कारखान्यात चक्कर मारायच्या; मालकांना वाटायचं, बायकांशी गप्पा मारायला येतात. गंधखोलीत शिरायच्या, बेकरीवालीला म्हणायच्या, सर बाजूला, जरा हात फिरवते. कॉफीचं कपाट त्यांचं लाडकं. तीनशे सिगारी, एकेक बोटांनी फिरवलेली, दोन्ही हातांनी, सकाळी नुकती आंघोळ करून. चाळीस दिवसांत सहा गुरुवार.

"तुला आला होता वास?" त्यांनी विचारलं.

बेकरीवाली वळली. "पहिल्याच गुरुवारी."

"मग बोलली का नाहीस?"

"कुणाला? तुम्हाला?"

"मालकांना मी दारातून परत पाठवलं होतं. माहितीये ना तुला?"

"तुमचं वेगळं, मावशी. मला पाव भाजताना तुम्ही उचलून आणलंत. तुम्हाला कुठल्या तोंडानं म्हणू, हात धुऊन या?"

मावशींना हसावं की रागवावं कळेना. घटकाभर त्यांनी दोन्ही करून पाहिलं. एवढं वर्षभर शिकवलं, आणि शिकवायचं तेच राहून गेलं, असं म्हणत त्यांनी तिला आपल्या शेजारी बसवलं. या वेळी ती बसली. मग मावशी मालकांकडे वळल्या. सरळ सांगितलं, नियम हिनं मोडला नाही, मी मोडला. हिची चूक एवढीच की मला उंबऱ्याबाहेर उभं केलं नाही. रजा द्यायचीच तर मला द्या, पण ती मी आधीच घेऊन बसलेय.

मालक उपड्या बादलीवर बसले होते. ते आधी हसले, मग डोकं खाजवलं, मग बेकरीवालीकडे न बघता म्हणाले की संध्याकाळचं ते सगळं विसरायचं, त्यांनी जरा घाईच केली. इथून पुढे प्रत्यक्ष त्यांचे वडील जरी वरून उतरून आले, तरी वास येत असला तर बाहेर. बेकरीवालीनं डोळे पुसले आणि पहिला हुकूम तिथेच सोडला: गुरुवारी यायचं तर पिवळी वडी, नाहीतर दारातूनच नमस्कार. सुनेनं टाळी दिली. पिवळी वडी आणायला ती स्वतः जाणार होती म्हणे, कपाटातल्या डब्यांचा हिशोब चुकता होत होता.

त्या तीनशेंचं काय करायचं, तेही मावशींनीच सांगितलं. उघड्या फळ्यांवर वाऱ्याला ठेवा, दोनेक महिन्यांत साबण उतरतो का बघू. कॉफी थोडी उतरेल, ती पुन्हा मुरवता येईल. नाहीच जमलं तर कमी भावात कुणीतरी घेईलच. जगात गुलाब आवडणारी मी एकटीच थोडी आहे.

मालकांनी घड्याळ पाहिलं, पेटी बंद केली आणि मावशींच्या बोटांतल्या उरलेल्या सिगारकडे हात केला. बिघडलेली कशाला ओढता, टाका ती, पुढच्या खेपेतली चांगली निवडून मी स्वतः आणून देतो, म्हणाले.

मावशींनी हात मागे घेतला.

"मला हीच ओढायची आहे, मालक. संपेपर्यंत बसू द्या."