पहिली हळद आईची

माझी कामाची जागा पडद्याच्या मागे. हळद असो, बारसं असो, नाहीतर लोणावळ्याच्या बंगल्यावर कुणाची पन्नाशी असो, फोटोसाठी मागे जो मोठा छापील पडदा लागतो, तो मी करते. चित्र फोनवरच्या एआयकडून काढून घ्यायचं, अक्षरं आपण टाकायची, तळेगावात कापडावर छापून आणायचं आणि जागेवर जाऊन पाइपांच्या चौकटीला ताणून बांधायचं. एवढं करून सगळ्यांचे फोटो होईपर्यंत चौकट धरून मागे उभं राहायचं, कारण आमच्या मावळात वारा कुणाचं ऐकत नाही. तिकोणा पेठेकडे, धरणाच्या बाजूला, तर वाळूची पोती ठेवली तरी पाइप हलतात.

मागे उभं राहणं मला सोयीचं होतं, आणि लोकांनाही. नवरा गेला तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. तेव्हापासून हळदीच्या मांडवात माझी जागा कुठली, हे न सांगता सगळ्यांना ठाऊक. एकदा तिकोणा पेठेच्याच एका बंगल्यावर फोटोवाला म्हणाला, ताई, जरा पडद्यापुढे उभ्या राहा, उजेड बघतो. मी पुढे झाले, तर नवरीची मावशी अगदी गोड आवाजात म्हणाली, तुम्ही नको, दुसऱ्या कुणाला तरी उभं करू. पाट अजून मोकळाच होता, नवरी आलीही नव्हती. तरी मी निमूट मागे गेले. निमूट गेले याचा राग मला आजही येतो, त्या बाईपेक्षा स्वतःचाच जास्त.

मग माझ्या पोरीचं लग्न ठरलं. एकुलती एक पोर. जेवताना म्हणाली, माझ्या हळदीचा पडदा तूच करायचा. मी म्हटलं, करीन की, असा करीन की आपल्या अख्ख्या परंदवडी गावानं बघत राहावं. मग तिनं विचारलं, "आणि तू कुठं उभी राहणार?"

मी भाकरी मोडता मोडता सहज बोलून गेले, "मागंच की. वारा असतो."

ती ताट तसंच ठेवून उठली. माझा घास तोंडातच राहिला. आधी शिलाई मशीन चालवून, पिको-फॉल करून, मग हे पडदे बांधत हिंडून मी तिला आठ वर्षं एकटीनं वाढवली, आणि तिच्या अंगाला पहिली हळद लावणार कोण, तर पाच सवाष्णी. मी सोडून कुणीही! का बाबा? नवरा हार्ट अटॅकनं गेला, मी काही त्याला ढकलला नव्हता. त्याच दिवशी मी ठरवलं, पोरीला पहिली हळद मी लावणार, आणि तसं पडद्यावर छापणार. छापलेलं लोक ऐकतात, हे मला धंद्यानं शिकवलं होतं. पडद्यावर 'इथे उभे राहा' असं लिहिलं की भलेभले पुढारी मुकाट्यानं तिथे जाऊन उभे राहतात.

फोन घेऊन बसले आणि त्याला मराठीतच सांगितलं, आई मुलीला हळद लावतेय असं चित्र काढ. काढलं त्यानं. आईला नथ, रुपयाएवढं कुंकू, दोन वाट्यांचं मंगळसूत्र, कोपरापर्यंत हिरवा चुडा. मी म्हटलं, ही आई विधवा आहे. झालं! लगेच पांढऱ्या साडीतली सत्तर वर्षांची म्हातारी, अंधारी खोली, डोळ्यांत पाणी, आणि पोरगी कुठल्या कुठे गायब. मी म्हटलं, अरे, रडवू नकोस तिला, हळद आहे. तर हसू आलं आणि हसण्याबरोबर कुंकूही परत आलं. असं किती वेळा झालं, मोजलं नाही. एक तर कुंकू, नाहीतर डोळ्यांत पाणी; याच्या मधली बाई त्याला माहीतच नव्हती. मी फोनला शिव्या घातल्या, मोठ्यानं घातल्या. मग वाटलं, त्याची काय चूक? आपण आजवर जी चित्रं काढली, जे फोटो काढले, त्यातूनच ते शिकलं. हळदीत हसणाऱ्या विधवेचा फोटो कुणी काढलाय कधी?

मग मी 'विधवा' हा शब्दच गाळला. सांगितलं, चव्वेचाळीस वर्षांची बाई, सावळी, आंब्याच्या रंगाची साडी, कपाळ मोकळं, गळ्यात बारीक साखळी, दात दिसतील इतकी हसतेय. एरवी मी कधीमधी टिकली लावते, पण इथे मला मोकळंच कपाळ हवं होतं, नाहीतर कुणीतरी म्हणालं असतं, ही दुसरीच कुणी सवाष्ण असेल. शेवटी ती बाई आली. माझ्याहून जरा देखणीच आली, राहू दिली. वर मोठ्या अक्षरांत टाकलं, 'पहिली हळद आईची'.

हळदीच्या दिवशी सकाळी अंगणात पडदा उलगडला तेव्हा माझे थोरले दीर आले. घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. माणूस वाईट नाही. नवरा गेल्यावर आमचं भात त्यांनीच लावून दिलं, पोरीला स्थळही त्यांनीच आणलं. पण पडदा वाचून त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, हे गुंडाळून ठेव, साधा फुलांचा लाव. मी म्हटलं, लागणार तर हाच. तेव्हा ते हळू आवाजात बोलले, "पोरीच्या संसाराला काय झालं म्हंजी? मंग कुनाला बोलायचं?"

खरं सांगते, आई आहे मी, मला भीती वाटणार नाही होय? पण भीतीच्या मागोमाग संताप आला, आणि आजवर ज्यांच्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता, त्यांना मी तोंडावर म्हटलं, "माझ्या हळदीला पाचीच्या पाची सवाष्णी होत्या, आबा. तुमीच बोलावल्या होत्या. काय वाचवलं त्यांनी?"

आबा वळून घरात गेले. मी पडद्याच्या दोऱ्या बांधत राहिले.

संध्याकाळी पोरगी पाटावर बसली. पाच जणी हळदीच्या ताटाशी उभ्या, पडदा वाचून एकमेकींकडे बघतायत, मग आबांकडे बघतायत. मी ताट उचललं, आणि तेवढ्यात वळवाचा वारा सुटला. कापड फुगलं, चौकट पुढे झुकली. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, कारण मागे पळायचं काम माझं. इतक्या वर्षांची सवय, माझं पाऊलसुद्धा वळलं. पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी पाऊल परत फिरवलं.

"आबा, तुमी मागनं पाइप धरा," मी म्हटलं. "आज मी पुढं हाय."

आबा जागेवरून हलेनात. मला वाटलं, आता हे निघून जातात आणि चौकट पोरीच्या डोक्यात पडते. मग ते टोपी सावरत उठले, सावकाश चालत पडद्यामागे गेले, आणि चौकट सरळ झाली. मागून आवाज आला, "लाव लवकर. वारा लय हाय."

मी लावली. आधी पायांना, मग हातांना, मग दोन्ही गालांना. पोरगी हसत होती, मी रडत होते. म्हणजे शेवटी रडलेच, पडद्यावरची बाई मात्र दात काढून हसत होती.

पोरगी आज सुखात आहे. नसती तरी त्याला हळद कारण नसती, हे मी कुणालाही ऐकवायला तयार आहे.

हळद लावतानाच्या त्या फोटोत पडद्याच्या खालच्या कडेखाली दोन पाय दिसतात, धुळकट वहाणा, धोतराचा काठ. फोटोवाला म्हणाला, ताई, ते पाय एआयनं मिनिटात पुसून देतो, कळायचंसुद्धा नाही. मी म्हटलं, खबरदार हात लावशील तर. ते पाय राहू देत.